साखरवाले उंदीर आणि आमचा दादा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ जून २०२५

तीर्थरूप दादांच्या चरणी गुंडूचा नमस्कार.

आपण फोनवर माझा नंबर बंद केला आहे, हे मला समजले आहे. आपल्या भावजयीच्या, क्रांतीच्या फोनवरून केला तर आवाज ओळखून आपण 'राँग नंबर' म्हणालात. सख्ख्या भावाला राँग नंबर म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. म्हणून हे पत्र. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर खिडकीतल्या बाईनं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कोर्टाचं काम हाय काय?" मी म्हटलं, "भावाचं हाय." ती म्हणाली, "म्हणजे तेच की."

थोरल्याला पत्रात 'आपण' लिहायचं असं शाळेत शिकवलंय, पण एवढ्यातच माझा हात दुखायला लागला. तेव्हा आता तू.

दादा, संयोगिताच्या लग्नाला महिना झाला. तुझ्या पोरीच्या लग्नात, भर पंगतीत, नव्या व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून तू बसलेला असताना मी तुझ्यापुढचं ताट ओढून घेतलं आणि "ह्येला शुगर हाय, जिलेबी वाढू नका," असं मोठ्यानं बोललो. किती मोठ्यानं, तर क्रांती म्हणते की बाहेर बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. ते चुकलं. ताट ओढायला नको होतं. पण वाढप्यानं सहावी जिलेबी वाढली तेव्हा तू हात आडवा लावला नाहीस, तेही चुकलं. माफी मागतोय म्हणून खरं सोडणार नाही.

दोन वर्षांमागं शिबिरात तुझी शुगर दोनशे ऐंशी निघाली होती. तू म्हणालास, मशीन बिघडलंय. चाळीस वर्षं इचलकरंजीत जॉबर म्हणून मागांची दुरुस्ती केलीस, तुला जगातलं प्रत्येक मशीन बिघडलेलंच दिसतं.

आता माझी बाजू. मी काय काम करतो ते तू तीस वर्षांत कधी विचारलं नाहीस. पावण्यारावळ्यांत सांगतोस, "गुंडू कॉलेजात उंदरं राखतोय." बरोबर आहे. फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये अटेंडंट, म्हणजे उंदरंच राखतो. सध्या आमच्याकडं निशिगंधा नावाची मुलगी पीएचडी करते. बोलायला मऊ, कामाला कडक. तिच्याकडं छत्तीस पांढरे उंदीर आहेत. बारा साधे. बारांना औषध टोचून शुगर वाढवलेली. आणि बारांची शुगर वाढवून वर एक नवं औषध देते, त्याचा उपयोग होतो का बघायला.

शुगरवाल्यांचा पिंजरा मला डोळं झाकून ओळखता येतो. साध्या उंदरांच्या अंगाखालचं तूस आठवड्यातून दोनदा बदललं तरी चालतं. ह्यांचं रोज बदलायचं. घटाघटा पाणी पितात आणि तेवढंच मुततात. खातात वाघासारखं आणि अंगाला काही लागत नाही. बाटली संपली की जाळीला तोंड लावून माझ्याकडं बघत बसतात. त्यांना बघितलं की मला तू आठवतोस. राग धरू नकोस, आठवण येते एवढंच सांगतोय.

मग त्यांची परीक्षा असते. एक मोठं गोल टाकं. पाण्यात दूध पावडर कालवून ते पांढरं करायचं, आणि पाण्याखाली बोटभर खोल एक पाट लपवून ठेवायचा. उंदीर सोडला की पोहत पाट शोधायचा आणि त्यावर चढून बसायचं, सुटला. साधे उंदीर चार-पाच दिवसांत शिकतात. सोडला की सरळ रेघेत पाटावर, घरी आल्यासारखा. शुगर वाढून दोन-तीन महिने झालेले मात्र टाक्याच्या कडेकडेनं नुसते फिरत राहतात. नव्वद सेकंद झाले की मी हात घालायचा, उचलून पाटावर ठेवायचा आणि सांगायचं, "बाबा, हितं होता."

हे बघत-बघत मी लग्नाला आलो होतो, दादा. म्हणून हात गेला.

उत्तर दे. दिलं नाहीस तरी मी लिहीन. अंबू वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा,
गुंडू


मंगळवार पेठ, कोल्हापूर
३० जून

दादास नमस्कार.

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं. वहिनींनी क्रांतीला फोनवर सांगितलं की पत्रावर तू म्हणालास, "शुगर रगतात असतीया. उंदीर वाट इसरतंय त्याचा आन शुगरीचा काय संबंध?"

तुला खोटं वाटेल, पण हाच प्रश्न मी निशिगंधाला विचारला होता. शेवटी एकाच आईची पोरं आपण.

ती मला मामा म्हणते. म्हणाली, "मामा, मेंदूत विचार करणाऱ्या पेशी असतात, त्या सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या जोडीला आणखी पेशी असतात. त्या विचार करत नाहीत, करणाऱ्यांना सांभाळतात. आधारपेशी म्हणा."

"सांभाळत्यात म्हणजे नेमकं काय करत्यात?"

"रक्तातून साखर घेतात, तिचं पचेल असं खाणं करून पुढं देतात. काम झाल्यावर पडलेला कचरा उचलतात. रक्तवाहिनीला हात धरून बसतात आणि नको ते मेंदूत शिरू देत नाहीत."

तुला कळेल असं सांगतो. कापड निघतं मागावर आणि नाव होतं विणकराचं. पण सुताची कांडी भरणारी बाई वेळेवर कांडी देईना, तेलवाला आला नाही, खालचा कापूस कुणी झाडला नाही, आणि जॉबर रुसून घरात बसला, तर माग किती चालंल? तुझ्या शेडमधली ही सगळी माणसं म्हणजे आधारपेशी.

मी निशिगंधाला म्हटलं, "मग साखर जास्त झाली तर बरंच की. कांड्या जास्त, कापड जास्त."

ती म्हणाली, "आणि शेडमध्ये नुसता कांड्यांचा ढीग ओतला, दारापर्यंत, तर? चालायला वाट कुठं राहील?" तिचे वडीलही मागवाले असावेत, बोलण्यावरून वाटतं.

तर ते असं होतं. साखर फार दिवस वाढलेली राहिली की ह्या पेशी सुजतात, चिडतात. चिडल्या की सांभाळायचं सोडून भांडायला लागतात. पुढं त्यांचे हात आखडतात. कुठं आधी सूज येते, कुठं हात जातात, किती दिवसांनी जातात आणि गेलेले परत येतात का, हाच तिचा अभ्यास. तिलाही अजून सगळं माहीत नाही. माहीत असतं तर उंदीर कशाला लागले असते?

तिनं मला मायक्रोस्कोपात दाखवलं. पहिल्यांदा मला माझ्याच पापण्या दिसल्या. मी म्हटलं, "लई केसाळ हायत." तिनं माझं डोकं धरून सरळ केलं. मग दिसल्या. काळ्या अंधारात हिरव्या चांदण्या, दादा. गेल्या तुकडीतल्या साध्या उंदराच्या मेंदूचा पातळ काप होता तो. प्रत्येक चांदणीला बारीक-बारीक आठ-दहा हात, आणि प्रत्येक चांदणी आपली जागा धरून, शेजारणीला धक्का न लावता. मग तिनं दुसरी काच लावली. शुगरवाल्याची. चांदण्या जाड झालेल्या, हात राठ, एकीचा हात दुसरीच्या अंगावर. आणि एका कोपऱ्यात तर हातच नव्हते, नुसते ठिपके.

त्या उंदराला मी चार महिने खाऊ घातलं होतं. मेंदू बघायचा तर उंदीर राहत नाही, हे तुला सांगायला नको. त्या दिवशी मी रजा घेतो.

बाकी इकडं क्षेम. आमच्या ओळखीत एक माणूस आहे, नाव सांगत नाही. उशाला तांब्या भरून ठेवतो आणि उजाडेपर्यंत संपवतो. चार वेळा उठतो. परवा तूरडाळ आणायला गेला आणि चपला शिवून परत आला. विचारलं तर म्हणतो, उन्हाळ्यामुळं. आता उन्हाळा संपला तर म्हणतो, दमट हवेमुळं. असली हट्टी माणसं असतात बघ. तुला उदाहरण म्हणून सांगितलं.

गुंडू


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२१ जुलै

दादा,

मला आज एक गोष्ट कळली आणि मी खुर्चीत बसलो. तू माझी पत्रं वाचत नाहीस. अंबू वहिनी वाचतात. तेही घरात नाही, शेडबाहेरच्या कट्ट्यावर, चारच्या चहाला, आणि तुझ्या शेजारी सात रिटायर विणकर बसलेले असतात. वहिनींनी क्रांतीला अभिमानानं सांगितलं, "भावजींच्या पत्राला लई गर्दी असती. पाट शोधायचा भाग दोनदा वाचायला लावला."

मी घरची गोष्ट लिहितोय आणि तिकडं त्याचं कीर्तन चाललंय.

तू स्वतः का वाचत नाहीस असं क्रांतीनं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी अक्षर बारीक काढत्यात म्हणून." दादा, माझं अक्षर पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लिहून-लिहून एवढं मोठं झालंय की एका आंतरदेशीयात दहा ओळी मावत नाहीत, म्हणून मी आता पाकीट वापरतो. अक्षर बारीक नाही. डोळं दाखव.

कट्ट्यावरच्या मंडळींना माझा नमस्कार. आता ऐकताच आहात तर एक विचारतो. समजा एखाद्या कामगारानं ताण्याच्या सुताची दोन बीमं अदलाबदल करून मागावर चढवली. कुणी बघितलं नाही. कापड निघत राहिलं. मालक माणूस चांगला आहे, आवाज चढवून कधी बोललेला नाही. तर त्या कामगारानं जाऊन सांगावं का गप्प बसावं?

माझा काही संबंध नाही. सहज विचारलं.

गुंडू


मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ ऑगस्ट

अंबू वहिनी, हे पत्र कट्ट्यावर वाचू नका. मंडळी उठून गेल्यावर दादाला एकट्याला ऐकवा. खूण म्हणून पाकिटावर तांबडी रेघ ओढलीय.

दादा, बीमं नव्हती. पिंजरे होते.

बारा जुलैला, शनिवारी, मी पिंजरे धुवायला काढले. धुताना चिठ्ठ्या काढून ठेवायच्या आणि परत ज्याची त्याला लावायची. तीस वर्षं करतोय. मध्येच तहान लागली म्हणून पाणी प्यायला गेलो. आलो तर हातात तीन चिठ्ठ्या, समोर तीन पिंजरे, प्रत्येकात दोन उंदीर, आणि कुठली चिठ्ठी कुणाची ते आठवेना. सगळे शुगरवाले, पण कुणाला औषध चालू होतं आणि कुणाला नव्हतं. असं झालं तर म्हणून उंदरांच्या शेपटीवर शाईच्या रेघा असतात, त्या दर सोमवारी ठळक करायच्या. ते माझंच काम. दोन सोमवार मी विसरलो होतो. शेपट्या कोऱ्या.

मी चिठ्ठ्या अंदाजानं लावल्या आणि गप्प बसलो.

पुढं औषध भलत्यालाच जात राहिलं. टाक्यातल्या परीक्षेचे आकडे वेडेवाकडे यायला लागले. निशिगंधाला वाटलं औषधच खोटं. तीन दिवस ती जेवणाचा डबा न उघडता परत घेऊन गेली. मी तिच्यासमोर फरशी पुसत होतो, दादा. पुसलेलीच परत पुसत होतो.

मग वहिनींचा फोन आला. माझ्या प्रश्नावर कट्ट्यानं एकमतानं सांगितलं, गप्प बसावं. तू एकटा म्हणालास, "सांग म्हणावं. बीम लपत न्हाई, कापडात दिसतंयच." तीन महिन्यांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं उत्तर. ते बीमाबद्दल होतं, तरी मी ते धरलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलापुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तिनं आकड्यांची वही मिटली. मग म्हणाली, "कुठला कुठला आहे, ओळखता येतील का?"

"मला येत्यात की. चावतो तो औषधवाला. कोपऱ्यात तूस ढकलून झोपतो तो बिनऔषधाचा."

"मामा, उंदीर चावतो म्हणून औषधवाला, असं प्रबंधात लिहिता येत नाही."

सहा उंदीर बाद झाले. आता नवे सहा आणायचे, त्यांची शुगर वाढवायची, मग दोन-तीन महिने वाट बघायची. तिचं लग्न दिवाळीनंतरचं ठरलं होतं. माझ्यासमोरच तिनं घरी फोन लावला आणि लग्न पुढं ढकला म्हणून सांगितलं. आईनं कारण विचारलं असणार. ती म्हणाली, "उंदीर आजारी पडले." माझं नाव घेतलं नाही. तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी जेवलो असतो त्या दिवशी.

फोन ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. मग विचारलं, "मामा, दिवसाला किती पाणी पिता?"

"उकाडा हाय म्हणून जरा..."

"बाहेर पाऊस आहे."

तिनं उंदरांची शुगर बघायचं मशीन काढलं, नवी सुई घातली आणि म्हणाली, "बोट द्या."

तीनशे अठरा.

मी म्हटलं, "मशीन बिघडलंय." तोंडातून निघून गेल्यावर मला ऐकू आलं, हे वाक्य कुणाचं ते.

तर ओळखीतला तो माणूस म्हणजे मी. कट्ट्यावर कुणी पैज लावली असेल तर तो जिंकला.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी काढली, ती उंदरांना लाजवेल अशी निघाली. मी विचारलं, "डॉक्टर, माझ्या आधारपेशी गेल्या काय?" ते म्हणाले, "कोण?" मग मी त्यांना चांदण्या, हात, कांड्या सगळं समजावून सांगितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमचं विसरणं शुगरनं असेल, झोपमोडीनं असेल, वयानंही असेल. आधी शुगर खाली आणा. मग कुणाचा दोष ते बघू."

आता शेवटचं, आणि हे सांगायला मला तीन महिने लागले. लग्नात तुझं ताट ओढून मी आत नेलं ना, भांडी घासतात तिथं? तू दोन खाल्ल्या होत्यास. उरलेल्या चार जिलेब्या मी तिथंच उभ्यानं खाल्ल्या. टाकवेनात. गरम होत्या. मग तोंड पुसून बाहेर आलो आणि व्याह्यांना शुगरीचं पथ्य समजावून सांगितलं.

हे क्रांतीला माहीत नाही. राहू दे.

गुंडू


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ सप्टेंबर

दादा,

तांबडी रेघ वहिनींना पत्र वाचून झाल्यावर दिसली म्हणे. सातच्या सात जण हजर होते. जिलेबीच्या ठिकाणी एकाला ठसका लागून पाणी द्यावं लागलं, हेही कळलं.

क्रांतीला त्याच संध्याकाळी फोन आला. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "माझ्या भावाच्या लग्नातबी तुमी अर्धा तास गायब होता." त्याला एकोणीस वर्षं झाली. तिच्या आधारपेशी शाबूत आहेत.

गोळ्या चालू आहेत. रंकाळ्यावर रोज दोन फेऱ्या मारतो, क्रांती पुढं आणि मी मागं, म्हणजे मी भेळवाल्याकडं बघतोय का ते तिला वळून बघता येतं. रात्री आता एकदाच उठतो. परवाची शुगर एकशे साठ. शेपट्यांच्या रेघा सोमवारी ठळक करतो आणि गुरुवारी परत. निशिगंधा म्हणते, गुरुवारी गरज नाही. मी म्हटलं, गरज उंदरांची नाही, माझी आहे. नव्या सहांचं तूस गेल्या आठवड्यापासून रोज बदलावं लागतंय, म्हणजे त्यांचं काम सुरू झालं.

मी तिला विचारलं, "आखडलेलं हात परत येत्यात काय?" ती म्हणाली, "लवकर धरलं तर थोडेफार येतील असं वाटतंय. वाटतंय, एवढंच लिहा भावाला." मी तुला लिहितो हे तिला कसं कळलं कोण जाणे.

वहिनींकडून आणखी दोन गोष्टी कळल्या. कट्ट्यावरच्या पाच जणांनी जाऊन शुगर तपासली, त्यातल्या दोघांची वाढलेली निघाली. तू त्यांच्याबरोबर गेलास आणि बाहेर बाकड्यावर बसून राहिलास. नर्सनं बोलावलं तर म्हणालास, "मी सोबत आलोय."

दुसरी गोष्ट. गेल्या बाजाराला तू भाजी घेऊन आलास आणि एक गल्ली अलीकडं वळलास. दुसऱ्याच्या दारात उभा राहून ओरडलास, "माझं दार न विचारता कुणी रंगवलं?" कट्टा हसला असेल. वहिनीही हसतच सांगत होत्या, पण फोन ठेवता-ठेवता म्हणाल्या, असलं आधी कधी झालं नव्हतं.

दादा, टाक्यातला शुगरवाला उंदीर घाबरलेला असतो असं तुला वाटेल. नसतो. तो जोरात पोहतो, रुबाबात पोहतो. आपण विसरलोय हे त्याला ठाऊकच नसतं. त्याला वाटत असणार, पाट कुणीतरी हलवला. नव्वद सेकंदांनी मी हात घालतो तेव्हा तो मला चावतो. रोज चावतो. मी रोज उचलतो.

मी बरोबर होतो म्हणून शुगर बघ, असं आता म्हणत नाही. मी बरोबर नव्हतोच. मला भीती वाटते म्हणून म्हणतोय. तू गल्ली चुकलास तर पावण्यारावळ्यांत कोण सांगेल की गुंडू उंदरं राखतो?

गुंडू


इचलकरंजी
३० सप्टेंबर

चिरंजीव गुंडूस आशीर्वाद.

मी सांगतोय आन अंबू लिहितीय. अक्षर तिचं, बोलणं माझं.

पयलं म्हंजे, पत्रात उंदरं घालायची बंद कर. कट्ट्यावर गेलो की एक-एक जण इचारतोय, "बाळासो, पाट घावला काय?" चहावाला बी इचारतोय.

दुसरं. शुगर बघितली. तीनशे चाळीस. दोन मशीनवर बघितली. मशीन बराबर हाय. दोन्ही.

तिसरं. ताट वडलंस त्येचा राग कवाच गेलाय. जिलेब्या खाल्लास त्येचा नवीन आलाय. त्यो इतक्यात जायचा न्हाई.

(भावजी, इथं ते उठून तांब्याभर पाणी पिऊन आले. मी विचारलं, संपलं का? तर म्हणाले, न्हाई. – अंबू)

चौथं. डोळं. हितल्या डॉक्टरनं सांगितलंय, शुगरीनं आतल्या पडद्यावर रगत सांडलंय, कोल्लापुरात दावा. आठ तारखेला, बुधवारी, अकरा वाजता राजारामपुरीत नंबर लावलाय. डोळ्यांत थेंब घालत्यात, मग चार तास सगळं धुरकट दिसतंय म्हणं. अंबूला तिथल्या गाड्यांतनं रस्ता वलांडायचं भ्या वाटतंय. मला वाटत न्हाई.

(वाटतं. – अंबू)

तवा तू सकाळी स्टँडवर ये. रजा काढ. त्या पोरीला सांगून काढ, आन शेपट्या रंगवायच्या राहू देऊ नकोस. तिच्या लग्नाला आमी दोघंबी येनार हाय, तारीख कळव.

रस्ता वलांडताना हाताला धरलंस तर चालंल. दंडाला धरायचं न्हाई, म्हाताऱ्यागत दिसतंय. डॉक्टरपुढं माझ्या वतीनं कायबी बोलायचं न्हाई. कवापास्नं हाय, काय-काय खातोय, घर कवा चुकलो, सगळं माझं मी सांगीन.

इसरलो, तर मग तू सांग.

बाळासो